गावातली ‘आशाताई’ आली कुठून? मिशनच्या दवाखान्यापासून जामखेडपर्यंतची गोष्ट

तुमच्या गावात आशाताई असतीलच. गरोदर बाईची नोंद करणाऱ्या, बाळाच्या लसीची तारीख लक्षात ठेवणाऱ्या, कोरोनात दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या. देशभरात आज सुमारे १० लाख आशा आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पातळीवरचा पुरस्कार देऊन गौरव केला.

पण गावातल्याच एका बाईला आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि गावाची तब्येत तिच्या हातात सोपवायची, ही कल्पना काही दिल्लीतल्या एखाद्या ऑफिसात सुचलेली नाही. ती अनेक ठिकाणी, अनेक लोकांनी घडवली. त्यातलं एक फार महत्त्वाचं ठिकाण आपल्या महाराष्ट्रात आहे. नगर जिल्ह्यातलं दुष्काळी जामखेड.

ही गोष्ट सुरू होते ती मात्र चर्चच्या दवाखान्यात. आणि तो दवाखाना सोडून बाहेर पडलेल्या एका डॉक्टर जोडप्यापासून.

मिशनचे दवाखाने आपल्याकडे कसे आले?

१८१३ मध्ये अमेरिकेतून काही मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्या कामाला पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ असं नाव पडलं. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आपलं केंद्र काढलं आणि तिथून आजूबाजूच्या तालुक्यांत शाळा, वसतिगृहं, दवाखाने सुरू झाले.

असं काम करणारं हे एकटंच मिशन नव्हतं. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी सुरू केलेल्या छोट्या दवाखान्यातून पुढे देशातलं एक मोठं मेडिकल कॉलेज उभं राहिलं.

त्या काळात ग्रामीण भागात डॉक्टर मिळणंच मुश्कील होतं. त्यामुळे लोक बैलगाडीने मैलोनमैल प्रवास करून मिशनच्या दवाखान्यात यायचे. धर्मप्रसार हा मिशनच्या हेतूंपैकी एक होता, ही गोष्ट लपलेली नव्हती. पण पेशंट सगळ्या जातीधर्मांचे असायचे आणि अनेकांसाठी आसपासचा तो एकमेव दवाखाना असायचा.

अशाच दवाखान्यांपैकी एक होता नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याचा. १९६२ मध्ये तिथे दोन तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे.

वडाळ्यात नेमकं काय खटकलं?

रजनीकांत यांचा जन्म १९३४ चा, राहुरीचा. आईवडील शिक्षक. मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच एकमेकांना भेटले. १९६० मध्ये लग्न करताना त्यांनी एक निश्चय केला. आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं.

वडाळ्यात कामाला तोटा नव्हता. पेशंटची रांग लागलेली असायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की दवाखाना जोरात चालू आहे.

पण आत काम करणाऱ्या या दोघांना वेगळंच दिसत होतं. जुलाबाने सुकलेलं मूल यायचं, बरं होऊन घरी जायचं आणि काही दिवसांनी पुन्हा जुलाब घेऊन यायचं. कारण घरी जाऊन ते तेच पाणी प्यायचं. नाळ अस्वच्छ विळ्याने कापल्यामुळे धनुर्वात झालेलं बाळ यायचं आणि तोवर फार उशीर झालेला असायचा. रक्त कमी असलेली बाई बाळंतपणात अडायची.

यातले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. म्हणजे दवाखाना कितीही चांगला चालवला, तरी गाव आजारीच राहणार होतं. त्यातही जे दवाखान्यापर्यंत पोचायचे ते निदान दिसायचे. जे पोचतच नव्हते, त्यांची तर मोजदादच नव्हती. आणि न पोचणाऱ्यांमध्ये सगळ्यात गरीब लोक, दलित आणि बायका जास्त होत्या.

१९६६ मध्ये दोघं शिकायला अमेरिकेत गेले. तिथे शस्त्रक्रिया आणि वैद्यकशास्त्राचं पुढचं शिक्षण घेतलं. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथल्या प्राध्यापकांपैकी डॉ. कार्ल टेलर यांचा भारताशी जुना संबंध होता. गावाकडे परतल्यावर दवाखाना कसा नसावा, हे त्यांना वडाळ्याने शिकवलं होतं. मग काय असावं, याचा आराखडा ते अमेरिकेत तयार करत होते.

तिकडे चर्चलाही हाच प्रश्न पडला होता

योगायोग असा की त्याच सुमारास जगभरातल्या चर्च संघटनाही आपल्या दवाखान्यांचा हिशोब मांडत होत्या.

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस’ ही अनेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची जागतिक संघटना आहे. तिच्याशी जोडलेल्या चर्चची जगभरात हजाराहून जास्त हॉस्पिटलं होती. १९६० च्या दशकात त्यांची पाहणी झाली, तेव्हा समोर आलेलं चित्र अडचणीचं होतं. चर्चचं सुमारे ९५ टक्के आरोग्यकाम फक्त उपचारांचं होतं. आजार होऊच नये यासाठीचं काम जवळपास नव्हतंच. हॉस्पिटलं जुनी होत होती, खर्च वाढत होता आणि तो भागवायला फी वाढवावी लागत होती. म्हणजे ज्या गरिबांसाठी दवाखाने काढले, त्यांनाच ते परवडेनासे होत होते.

यावर मार्ग काढण्यासाठी १९६८ मध्ये ‘ख्रिश्चन मेडिकल कमिशन’ स्थापन झालं. जेम्स मॅकगिलव्हरे हे त्याचे संचालक होते. आणखी इमारती बांधण्यापेक्षा लोकांपर्यंत पोचणारे नवे प्रयोग शोधायचे, असं या कमिशनने ठरवलं.

आरोळेंचा प्रस्ताव नेमका असाच होता. एका ठरावीक भागाची पूर्ण जबाबदारी घ्यायची, पेशंटची वाट बघत बसायचं नाही आणि लोकांना आपल्या आरोग्याची सूत्रं हातात घेऊ द्यायची. या कल्पनेला कमिशनचं पाठबळ मिळालं.

म्हणजे काटेकोरपणे बोलायचं, तर जामखेडचा प्रकल्प हा एखाद्या चर्चने आपल्या आवारात काढलेला दवाखाना नव्हता. तो स्वतंत्र संस्थेचा प्रकल्प होता. पण ते काम उभं करणारी माणसं, त्यांचं शिक्षण, पहिला अनुभव आणि सुरुवातीची मदत, हे सगळं चर्चच्याच परंपरेतून आलं होतं.

जामखेडच का निवडलं?

नगर जिल्ह्याच्या नकाशात जामखेड एका कोपऱ्यात आहे. बीड, धाराशिव आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमा तालुक्याला लागतात. भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळे पावसाचा भरवसा नाही. शेतीवर वर्षभर पोट भरत नाही म्हणून स्थलांतर ठरलेलं.

१९७० मध्ये आरोळे दांपत्य इथे आलं. गावाने बोलावल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, अशी त्यांची अट होती. जनावरांच्या जुन्या दवाखान्याची पडीक जागा मिळाली आणि तिथूनच ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू झाला.

सुरुवातीच्या काळात सुमारे ३० गावं आणि ४० हजार लोकसंख्या डोळ्यासमोर होती. तेव्हा या गावांत जन्मणाऱ्या दर १,००० बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आतच दगावत होती. देशाची त्या वेळची सरासरी १२९ होती. म्हणजे आधीच वाईट असलेल्या देशात हा भाग आणखी वाईट होता.

लोकांची पहिली मागणी मात्र दवाखान्याची नव्हतीच. लोकांना हवं होतं पाणी आणि अन्न. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. जुन्या पिढीला ‘सुकडी’ आणि ‘दुष्काळी कामं’ हे शब्द आजही आठवतात, तो हाच दुष्काळ. मग आरोग्याच्या प्रकल्पाने आधी कूपनलिका खोदल्या आणि लहान मुलांसाठी गावागावांत सामूहिक स्वयंपाकघरं चालवली.

गावातली बाईच का?

सुरुवातीचा बेत साधा होता. प्रशिक्षित नर्स गावांत नेमायच्या. पण तो फसला.

शहरात शिकलेल्या नर्सला गाव परकं वाटायचं आणि गावाला ती. एकट्या तरुण बाईला गावात राहणं सुरक्षित वाटत नसे. लोक तिचं ऐकून घ्यायचे, पण वागायचे आपल्याच पद्धतीने. गरोदरपणात कमी खायचं म्हणजे बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं होतं, असं सासू सांगत असेल, तर बाहेरून आलेल्या नर्सचं कोण ऐकणार?

मग असा विचार पुढे आला की गावाचं ऐकणारी आणि गाव जिचं ऐकेल अशी बाई गावातच शोधावी. गावाने तिला निवडावं, प्रकल्पाने शिकवावं.

निवडल्या गेलेल्या अनेक बायका निरक्षर होत्या. बऱ्याच जणी दलित होत्या. कुणी लहानपणीच लग्न होऊन आलेली, कुणी नवऱ्याने टाकलेली. गावात ज्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, अशाही काही होत्या. या बायकांना औषधं, इंजेक्शनं, बाळंतपण यातलं काही जमेल, यावर डॉक्टर मंडळींचाच काय, त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात आजारांच्या नावांपासून झाली नाही. आपण कोण आहोत, आपल्याला काय येतं, बाई म्हणून जन्मलो यात आपलं काय चुकलं, इथून बोलणं सुरू झालं. मेबल आरोळे यांचा यात मोठा वाटा होता. सगळ्या जातींच्या बायका केंद्रावर एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

शिकवलं काय आणि कसं?

या ग्राम आरोग्य सेविकांनी शिकलेल्या गोष्टी ऐकायला किरकोळ वाटतील. पण जीव याच गोष्टींनी वाचले.

जुलाब झाले की पाणी बंद करायचं, असा समज होता. सेविका सांगायची, उलट पाणी जास्त द्यायचं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर घालून ते बाळाला थोडं थोडं पाजायचं. जुलाबाने मूल दगावतं ते शरीरातलं पाणी संपल्यामुळे. त्यामुळे घरातल्या चमचा-वाटीनेच अर्धी लढाई जिंकता यायची.

बाळंतपणासाठी एक छोटं पाकीट असायचं. त्यात साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायला स्वच्छ दोरा. गरोदर बाईला धनुर्वाताची लस आणि नाळ कापायला स्वच्छ ब्लेड, एवढ्या दोन गोष्टींनी नवजात बाळाचा धनुर्वात थांबवता येतो.

मुलाचं वजन दर महिन्याला करायचं. ते वाढत नसेल, तर आजार दिसायची वाट न बघता खाण्याकडे लक्ष द्यायचं. खोकला आणि चट्टे असलेले लोक हुडकून काढायचे, म्हणजे क्षय आणि कुष्ठरोग लवकर सापडतात. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढायची गरज नाही, तो गोळ्यांनी बरा होतो, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगायचं. कुटुंब नियोजनाबद्दल बायकांशी मोकळेपणाने बोलायचं.

खरी गंमत मात्र पद्धतीत होती. महिना-दोन महिन्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट दिलं आणि सोडून दिलं, असं झालं नाही. सेविका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. या आठवड्यात कोण आजारी पडलं, कुठे चुकलं, कुठे अडलं, यावर चर्चा व्हायची आणि त्यातूनच पुढचा धडा ठरायचा. हे वर्षानुवर्षं चाललं.

त्यांच्या मागे दोन आधार होते. एक म्हणजे गावोगाव फिरणारं डॉक्टर-नर्सचं पथक. दुसरा म्हणजे जामखेडचं हॉस्पिटल. सेविकेने पाठवलेला पेशंट तिथे पोचला की त्याच्यावर खरोखर उपचार व्हायचे. त्यामुळे गावात तिच्या शब्दाला वजन आलं.

पुढे यातल्याच एका सेविकेला वॉशिंग्टनमधल्या आरोग्य परिषदेत बोलायला बोलावलं होतं. सभागृहातल्या लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने जे सांगितलं, त्याचा आशय असा होता: झुंबर सुंदर आहे, पण महाग आहे आणि ते एकाच खोलीला उजेड देतं. आम्ही पणत्या आहोत. पणती स्वस्त असते, ती घेऊन कुठेही जाता येतं आणि एका पणतीने दुसरी पेटवता येते.

आरोग्याचा जातीशी काय संबंध?

आता तुम्ही म्हणाल, आरोग्य प्रकल्पाने औषधं द्यावीत, जातीपातीत कशाला पडावं? जामखेडचा अनुभव असा की त्याशिवाय औषध पोचतच नाही.

पाण्याचंच बघा. गावातली विहीर वरच्या जातींच्या वस्तीत असली, तर दलितांना तिथून पाणी मिळायचं नाही. मग प्रकल्पाच्या अनेक कूपनलिका दलित वस्तीत खोदल्या गेल्या. दुष्काळात पाणी हवं असेल, तर सगळ्या गावाला तिथेच यावं लागलं. भाषण न देता एक भिंत खचली.

पुरुषांना एकत्र आणायला तर आधी व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात झाली. वेगवेगळ्या जातींची माणसं एका नेटच्या दोन बाजूंना उभी राहिली. खेळानंतर गप्पा, गप्पांतून शेतकरी मंडळं. या मंडळांनी गावाची पाहणी केली, झाडं लावली, बांधबंदिस्ती केली. मग महिला मंडळं उभी राहिली. बचत, छोटी कर्जं, दारू आणि मारहाणीविरुद्ध एकत्र येणं, हे सगळं तिथे सुरू झालं.

बायकोच्या ताटात काय पडतं, हे घरात ठरतं. पाणी कोणाला मिळतं, हे गावात ठरतं. या दोन्ही गोष्टी बदलल्याशिवाय बाळाचं वजन वाढत नाही. जामखेडच्या कामाचं सगळं सार यातच आहे.

मग धर्मांतराचं काय?

सोशल मीडियावर ‘मिशन’ शब्द आला की हा प्रश्न येतोच. त्यामुळे सरळ बघूया.

आरोळे दांपत्य श्रद्धाळू ख्रिस्ती होतं आणि आपल्या कामामागे ही श्रद्धा आहे, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण प्रकल्पातल्या सेविका वेगवेगळ्या जातीधर्मांच्या होत्या, त्यांना त्यांच्या गावांनीच निवडलं होतं आणि उपचारांसाठी धर्माची अट नव्हती. दवाखाना गावाच्या हातात द्यायचा, हाच मुळात प्रकल्पाचा गाभा होता.

फरक पडला का? आकडे काय सांगतात?

बालमृत्यूचा १७६ हा आकडा पुढच्या काही दशकांत तिशीच्या खाली आला. पण कुणी म्हणेल, त्या काळात देशभरच मृत्यू कमी झाले, मग जामखेडचं श्रेय किती?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पातली गावं आणि त्याच भागातली प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली होती. आईचं शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे फरक लक्षात घेतल्यावरही प्रकल्पातल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यानंतरच्या वयात हा फरक जास्त ठळक होता.

आजूबाजूची गावंही सुधारत होतीच. त्यांच्यापेक्षाही ३० टक्के कमी, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

१९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ मध्ये. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे नेलं. जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात देशोदेशीचे लोक शिकायला येतात आणि तिथे शिकवणाऱ्यांमध्ये गावातल्या सेविकाही असतात.

जामखेड ते अल्मा-आटा

ख्रिश्चन मेडिकल कमिशन ‘काँटॅक्ट’ नावाचं एक छोटं नियतकालिक काढायचं. त्यात जामखेडचा प्रयोग जगापुढे आला. त्याच्या जोडीला ग्वाटेमाला आणि इंडोनेशियातले असेच प्रयोग होते.

जिनिव्हात कमिशनचं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं ऑफिस एकमेकांपासून लांब नव्हतं. संघटनेचे त्या वेळचे प्रमुख डॉ. हाफडन माहलर यांनी आधी भारतात क्षयरोगावर काम केलेलं होतं. १९७४ मध्ये दोन्ही संस्थांची अधिकृत चर्चा सुरू झाली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर एक पुस्तक काढलं. त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं.

सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांची परिषद भरली. ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट तिथे पुढे ठेवलं गेलं. प्राथमिक आरोग्य सेवा हाच त्याचा मार्ग आणि लोकांचा सहभाग हा त्याचा पाया, असं जगाने तिथे मान्य केलं. हे श्रेय एकट्या जामखेडचं नाही. चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’ आणि इतर अनेक देशांचे अनुभव त्यामागे होते. पण ज्या मोजक्या कामांकडे बोट दाखवून ‘हे होऊ शकतं’ असं म्हणता येत होतं, त्यात जामखेड होतं.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, काही तज्ज्ञांनी म्हटलं की एवढं सगळं करणं महाग आहे, त्यापेक्षा निवडक आजारांवरच लक्ष द्या. लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी असे ठरावीक उपाय पुढे आले. त्यातून लाखो मुलं वाचली, हे खरं. पण पाणी, जात, बाईचं स्थान हे प्रश्न पुन्हा यादीबाहेर गेले.

सरकारने नक्कल केली, मग काय झालं?

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना आणली. साधारण १,००० लोकांमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधं.

कागदावर ही कल्पना जामखेडच्या जवळची होती. प्रत्यक्षात निवडले गेलेले बहुतेक कार्यकर्ते पुरुष होते. अनेक ठिकाणी गावातल्या वजनदार मंडळींच्या जवळचे. दर आठवड्याचं शिक्षण नव्हतं, पाठीशी पथक नव्हतं. बाईच्या गरोदरपणाबद्दल बोलायला परका पुरुष चालणार नव्हताच. योजनेची नावं बदलत गेली, पुढे बायकांना प्राधान्य द्यायचंही ठरलं, पण हळूहळू ती विरून गेली.

दरम्यान महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू किती कमी होतात, हे १९९९ मध्ये जगापुढे मांडलं. छत्तीसगडमध्ये २००२ पासून ‘मितानिन’ उभ्या राहिल्या. या सगळ्या अनुभवांच्या पाठबळावर एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत ‘आशा’.

या वेळी एक धडा नक्की घेतला गेला. आशा ही बाईच असेल आणि ती त्याच गावची असेल.

मग सुटलं काय?

आशाताईंच्या कामाची यादी बघितली, तर ती सरकारी कार्यक्रमांची यादी आहे. अमुक लसीकरण झालं की इतके पैसे, दवाखान्यात बाळंतपण झालं की इतके. हा ‘कामावर आधारित मोबदला’ आहे, पगार नाही. गावात काय बिघडलंय ते ओळखून त्यावर उपाय शोधणं, यासाठी या यादीत जागा कमी आहे. जामखेडची सेविका आधी गावाला उत्तर द्यायची. आशा बऱ्याचदा वरून आलेल्या फॉर्मला उत्तर देते.

दुसरा प्रश्न पैशांचा. जामखेडच्या सेविकांनाही नियमित सरकारी पगार नव्हता. त्यांना छोटे व्यवसाय उभे करायला मदत मिळायची आणि गावात मान मिळायचा. ३० गावांच्या प्रकल्पात, जिथे डॉक्टर प्रत्येकीला नावाने ओळखतात, तिथे हे चाललं. पण देशभरातल्या १० लाख बायकांना ‘सेवा’ म्हणून तेच सांगणं वेगळं. जी बाई रात्री-अपरात्री गरोदर बाईसोबत दवाखान्यात जाते, कोरोनात घरोघर फिरते, तिला कामगार म्हणायचं की स्वयंसेविका? महाराष्ट्रातल्या आशांनी २०२१ आणि २०२३ मध्ये संप केले, ते याच प्रश्नावर. गौरव झाला, हारतुरे मिळाले, पण महिन्याचं गणित जुळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

तिसरा मुद्दा पाठीशी उभ्या राहणाऱ्या दवाखान्याचा. सेविकेने पेशंट पाठवला आणि तिथे डॉक्टरच नसेल किंवा कुणी हिडीसफिडीस केलं, तर पुढच्या वेळी गाव सेविकेचं ऐकत नाही. जामखेडच्या हॉस्पिटलने हा विश्वास जपला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागा म्हणूनच आशाताईंच्या कामावरही परिणाम करतात.

थोडक्यात काय?

मिशनच्या दवाखान्यांनी शेकडो खेड्यांपर्यंत पहिल्यांदा आधुनिक औषध नेलं. त्यातल्याच एका दवाखान्यात दोन डॉक्टरांच्या लक्षात आलं की औषध पोचलं म्हणजे आरोग्य पोचलं असं नाही. चर्चच्या जागतिक संघटनेनेही आपल्याच हजारभर हॉस्पिटलांकडे बघून तेच कबूल केलं आणि वेगळ्या प्रयोगाला साथ दिली. चांगल्या चाललेल्या कामाबद्दल असा प्रश्न विचारणं सोपं नसतं.

जामखेडकडून जगाने ‘गावातली शिकवलेली बाई’ उचलली. तिच्याभोवतीचं बाकी सगळं, म्हणजे दर आठवड्याचं शिक्षण, हाक मारली की येणारं पथक, सगळ्यांसाठी पाणी, तिच्या बाजूने उभी राहणारी मंडळं, हे उचलणं जड होतं, ते मागे राहिलं.

पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या आशाताई वही घेऊन दारात आल्या, की त्यांना एवढंच विचारून बघा. तुम्ही पाठवलेल्या पेशंटला दवाखान्यात डॉक्टर भेटतो का? आणि तुमचा मोबदला वेळेवर येतो का? या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर जामखेडमधलं बरंच काही तुमच्या गावापर्यंत पोचलं आहे.